कोरम

घटनेच्या कलम नऊप्रमाणे बारा हवेत.
आम्ही अकरा.
तार्तूच्या शाळेतला जीवशास्त्राचा वर्ग,
फेब्रुवारी, बाहेर उणे अठरा,
खुंट्यांवर अकरा ओव्हरकोट,
त्यांतून वितळलेल्या बर्फाचं एकच थारोळं.

मी चिटणीस. इतिवृत्त माझ्याकडे.
लिहिलं : सभा सहा वाजता सुरू होणार होती.
मग पेन खाली ठेवलं.

विषय एकच. मंडळाचं त्रैमासिक,
गोगलगायींवरचं, राखाडी मुखपृष्ठाचं,
विकायचं का?
गिऱ्हाईक परदेशी आहे, त्यांच्या पत्राचा कागदसुद्धा जाड.
कर्ज फिटेल. छपाई, टपाल, सगळं त्यांच्याकडे.
फक्त वाचणाऱ्याला
दर लेखामागे बत्तीस युरो.

खजिनदार लेम्बित म्हणतो,
जिव्हाळ्यावर छापखाना चालत नाही.
त्याला बोलायचा हक्क आहे.
तीन वर्षं छापखान्याची बिलं त्यानं स्वतःच्या खिशातून भरली
आणि आम्हाला कळलं ते त्याच्या बायकोकडून.
गोगलगाय नि पोटात पाय, असं लोक वाईट अर्थानं म्हणतात.
याच्या पोटातले पाय
आमच्यासाठी चालत होते.

पावणेसात. चहाच्या थर्मासातून आता नुसता आवाज येतो.
भिंतीवर बेडकाच्या रक्ताभिसरणाचा तक्ता.
लेम्बित घड्याळ बघतो : सभा रद्द करू या, पुढच्या महिन्यात बघू.
आणि खिडकीशी बसलेले अर्वो,
ऐंशीच्या पुढचे, कानात यंत्र,
न वळता म्हणतात,
"घाई कसली आहे? प्राणी कुठं पळून चाललाय?"

माझ्या हातातली बशी तशीच राहिली.

तेवीस वर्षांची होते मी. पहिलाच लेख,
याच त्रैमासिकाला पाठवलेला.
परतीच्या टपालानं अनाम परीक्षकाची चार पानं,
पेन्सिलीनं, बारीक अक्षरात :
तक्ता तीन. शंखाचे वेढे पुन्हा मोजा.
घाई कसली आहे? प्राणी कुठं पळून चाललाय?
आठवडाभर मी त्या माणसाला शिव्या घातल्या.
मग मोजले.
पाच नव्हते. साडेचार होते.
एकशे चाळीस शंखांत, एकशे चाळीस वेळा
साडेचार.

सात वाजता दार उघडून मायमू आत आली,
बॉयलर बघणारी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.
"बंद करायचंय मला. अजून किती वेळ?"
अर्वोंनी सभासदांची वही मागितली,
बोट खाली खाली नेत गेले
आणि थांबले :
कोइव्हसार, मायमू. सभासद, एकोणीसशे सत्याऐंशीपासून.
एकही वर्गणी चुकलेली नाही.

आम्ही तिच्याकडे बघत राहिलो.
ती म्हणाली, "त्या वर्षी छापलं होतं ना तुम्ही.
बॉयलरघरामागच्या ओल्या भिंतीवरची ती पिटुकली.
खाली होतं, सापडली कुणाला, तर माझं नाव.
अंक आहे माझ्याकडे. पण नातू तिकडे ओस्लोत,
त्याला संगणकावर दाखवायची म्हटलं तर
विकल्यावर बत्तीस युरो पडतील का?"

लेम्बितनं चष्मा काढला, पुसला, घातला.
"पडतील," म्हणाला. खोटं बोलणं त्याला जमत नाही.

बारावी खुर्ची मुलांच्या बाकांतून ओढून आणली.
कोरम पूर्ण, मी लिहिलं, सात वाजून नऊ मिनिटं.
हात वर झाले, खाली आले.
प्रस्ताव नामंजूर, सात विरुद्ध पाच.
लेम्बितचा हात पाचांतच होता, शेवटपर्यंत सरळ.
वर्गणीत चार युरोंची वाढ. ती मायमूनं जागच्या जागी
नाण्यांत मोजली, आणि लेम्बितनं पावती फाडली,
उभ्यानंच, गुडघ्यावर वही टेकवून.
कर्जाचं काय, हे इतिवृत्तात नाही,
कारण त्यावर कुणीच काही बोललं नाही.

खुंट्यांपाशी मी अर्वोंना गाठलं.
"तक्ता तीन," मी म्हटलं. "तुम्हीच ना?"
ते कोटाची बटणं लावत राहिले,
बराच वेळ.
"परीक्षकाचं नाव सांगायचं नसतं, पोरी."
एक बटण चुकीच्या काजात गेलं होतं.
ते सोडवून
त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.